अरुणला, चिपळूणच्या घराविषयी

सातारा

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार. डोंबिवलीचा फ्लॅट विकून चिपळूणला कायमचं राहायला जायचं तुम्ही दोघांनी ठरवत आणलंय, हे वाचून खूप आनंद झाला. वाशिष्ठीकाठच्या त्या घराचे फोटो पाहिले. अंगण, नारळ, मागे नदी. मोह पडावा असंच आहे. तरीही बयाणा देऊ नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२२ जुलै २०२१ आठव. त्या दिवशी चिपळूण बाजारपेठेत माणसं जीव वाचवायला वरच्या मजल्यांवर आणि छपरांवर गेली होती. २००५ च्या जुलैतही गावात असंच पाणी शिरलं होतं. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे घर कोणत्या रेषेच्या आत येतं, ते नगरपरिषदेत नकाशा बघून विचार. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. शेजारच्या दुकानदाराला २०२१ ची पाण्याची खूण दाखवायला सांग, तो हात वर करून दाखवील. आणि पुराची भीती म्हणून डोंगराच्या पायथ्याशीही जाऊ नकोस. महाडजवळचं तळिये त्याच २२ जुलैला दरडीखाली गेलं.

गावाबाहेरचा स्वस्त ‘फार्महाऊस प्लॉट’ तुला कुणीतरी दाखवीलच. तुझ्या नावावर शेतजमीन नाही. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, आणि पैसे देऊनही सातबारावर नाव लागलं नाही तर या वयात तलाठी कार्यालयाच्या खेपा कोण घालणार? एनए म्हणजे बिगरशेती झालेली जागा किंवा गावातला तळमजल्याचा फ्लॅट, एवढंच बघ. तळमजलाही पुराचं पाणी चढत नाही अशाच भागात.

पैशांचं मला फार अवघड वाटत नाही. फ्लॅटच्या किमतीत तिकडे घर होऊन बरीच रक्कम उरेल. त्यातले ३० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेस, तर ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये हाती येतात, त्यावरचा कर वेगळा. पण पाच वर्षं आकडा तोच राहतो आणि औषधं महाग होत जातात. म्हणून सगळी शिल्लक घराच्या भिंतींत घालू नकोस.

आता जे लिहायला मन धजत नव्हतं ते लिहितो. हे घर तुमच्यापैकी जो मागे राहील त्याच्यासाठी निवड. माझी मावशी आणि काका निवृत्तीनंतर गावाबाहेर बंगल्यात राहायला गेले. काका होते तोवर सगळं छान होतं, गाडी तेच चालवायचे. ते गेले आणि मावशीला साधी रक्तदाबाची गोळी आणायची तरी शेजाऱ्यांची वाट बघावी लागायची. रिक्षा तिकडे यायला तयार नसे. शेवटी तिने बंगला पडत्या भावात विकला. वहिनी स्कूटर चालवत नाहीत. औषधाचं दुकान, बँक, एसटी स्टँड त्यांना एकट्याने चालत गाठता आलं पाहिजे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीनंतर सगळ्यांनाच फुकट प्रवास, पण थांबाच दोन किलोमीटरवर असला तर त्याचा काय उपयोग?

दवाखान्यासाठी कराडवर भिस्त ठेवू नकोस, मुसळधार पावसात मधला कुंभार्ली घाट कधी बंद पडेल सांगता येत नाही. चिपळूण तालुक्यातच सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. मला तर सावर्ड्याकडेच बघावंसं वाटतं. कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, महामार्ग आहे, मुलाला मुंबईहून यायलाही सोपं.

एक कर. फ्लॅट आत्ताच विकू नकोस, तो भाड्याने दे आणि तिकडे अकरा महिन्यांच्या कराराने घर घे. जून ते सप्टेंबर तिथे राहा. ओल, वीज जाणं, साप, सतत कोसळणारा पाऊस हे वहिनींना सोसतंय का बघ. त्यांना नको वाटलं तर त्यांचं ऐक.

पुढच्या महिन्यात कुठल्याही कामाच्या दिवशी मी घाटाने खाली उतरतो. सकाळी नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा बघू, मग तलाठ्याकडे जाऊ. वहिनींनाही बरोबर आण. तारीख कळव.

तुझा,
विनायक