मंडळीची तब्येत गर्दीवरून कशी कळणार?

संपादक साहेब, नमस्कार आणि जय ख्रिस्त.

नाताळ जवळ आला की पेपरात आमच्या नागपूरच्या सदर भागातल्या चर्चच्या लायटिंगचे फोटो येतात, खाली ‘भाविकांची गर्दी’ असं लिहिलेलं असतं. छान वाटतं, तक्रार नाही. पण आता आमच्याच लोकांना तशी सवय लागलीय, बेंच भरले की मंडळी, म्हणजे चर्चचा सगळा सभासद-परिवार, जोरात चाललीय. कुठल्याही चर्चच्या वार्षिक सभेचा अहवाल उघडून बघा, सभासद किती, दानार्पण किती, रंगरंगोटीला किती, पेव्हर ब्लॉकला किती, पैशापैशाचा हिशोब. आणि आत्मिक बाजू? ‘प्रभूच्या कृपेने मंडळीची आत्मिक वाढ होत आहे.’ एक ओळ, तीही गेल्या वर्षीची कॉपी पेस्ट. नुसता फोटो पाहून पेशंटचं बीपी सांगण्यातला प्रकार आहे हा.

बायबलमध्ये मंडळ्यांची तपासणी झालेलीच आहे की. शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याचा दुसरा-तिसरा अध्याय काढा, आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना सात पत्रं, आणि त्यात कुठेही हजेरी विचारलेली नाही. इफिसवाले कष्टाळू, खोटे प्रेषित बरोबर ओळखणारे, पण पहिली प्रीती सोडली म्हणून बोलणी खाल्ली. सार्दीसचं बाहेर नाव मोठं, आतून मेलेली. लावदिकीया तर सगळ्यात मजेशीर, म्हणजे मजेशीर नाही खरं तर. श्रीमंत शहर, इ.स. 60 च्या भूकंपात पडलं तर रोमकडून मदत न घेता स्वतःच्या पैशाने परत उभं राहिलं, आणि तिथली मंडळीही म्हणते आम्हाला कशाची गरज नाही. तिलाच आंधळी, उघडी, कंगाल म्हटलंय. उलट स्मुर्णाची मंडळी गरीब, छळात सापडलेली, तिला म्हटलं तू श्रीमंत आहेस, दोष एकही काढला नाही. आपल्याकडच्या ऑडिटमध्ये स्मुर्णा नापास झाली असती आणि लावदिकीयाला ट्रॉफी मिळाली असती.

मग बघायचं काय? माझं मत विचाराल तर पहिली गोष्ट ही की कोण येईनासं झालं आणि ते कुणाच्या लक्षात आलं का. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात जेरुसलेमच्या मंडळीत तक्रार कशावरून झाली? रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटून जातात यावरून, आणि प्रेषितांनी ती दाबली नाही, सात माणसं नेमली. आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, वर्षानुवर्षं खिडकीजवळच्या बेंचवर बसायच्या, खुब्याचं हाड मोडलं आणि घरीच पडून राहिल्या. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, जायच्या आधी त्यांच्या घरी मासिक वर्गणी थकल्याची चिठ्ठी पोचली. मावशी हसत हसत सांगतात, "माह्या पायाचं इचारायले कोणी नाही आलं, वर्गणीची चिठ्ठी मात्र बराबर आली बाप्पा." चिठ्ठी त्यांनी बायबलमध्ये घालून ठेवलीय, मला काढून दाखवली.

यात एकट्या पाळकांना झोडपू नका हं. एक माणूस, शेकडो घरं, त्यात लग्नं, मयती, प्रॉपर्टीचे कागद, कोर्टाच्या तारखा, आणि जरा घरं ओळखीची होतात तोवर बदली. घरभेटी करायला वडीलजन, म्हणजे मंडळीचे जबाबदार ज्येष्ठ, आहेत, महिला मंडळ आहे, तरुण संघ आहे. पण तरुण संघ डिसेंबरात कॅरोलला घरोघर जातो तेवढाच, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाकडे कूलर चालू आहे का बघायला कोण जातं?

दुसरी गोष्ट प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. करिंथ शहरातल्या मंडळीत या भोजनाला कोणी उपाशी बसायचा आणि कोणी पिऊन टाइट असायचा, म्हणून प्रेषित पौलाने त्यांना पत्रात लिहिलं की प्रत्येकाने आधी स्वतःची परीक्षा करावी. आमच्याकडे कमिटीच्या निवडणुकीनंतर दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होतात, एकाच कुटुंबातले दोघं भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि दोघंही त्याच रविवारी त्याच भाकरीला हात पुढे करतात. हे त्याच नागपुरात, जिथे 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या चर्च परंपरांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. आम्ही भाषणात ते अभिमानाने सांगतो.

गाणी गिटारवर की पेटी-तबल्यावर यावर मला भांडायचं नाही, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मला आवडतात पण तरुण पोरं गिटारवर मनापासून गातात तेही खरं. तो वाद घालण्यात आम्ही फार वेळ घालवतो.

म्हणून सगळ्या मंडळ्यांच्या वार्षिक सभांना एक विनंती. अहवालात दोन पानं आणखी घाला, वर्षात किती घरी कोणी गेलं, कोण यायचं बंद झालं आणि का, जमलेल्या पैशातला किती कंपाउंडच्या भिंतीबाहेर गरजूंसाठी गेला, बुधवारच्या प्रार्थनेला किती लोकं असतात. आणि हे कमिटीने स्वतः लिहू नये, जे येत नाहीत त्यांच्याकडे जाऊन लिहून आणावं.

काही जण म्हणतील घरातलं पेपरात कशाला. तर साहेब, ती सात पत्रं एकाच पुस्तकात सातही मंडळ्यांना गेली होती, म्हणजे सार्दीसचं काय चुकलं ते इफिसवाल्यांनीही वाचलं आणि इफिसचं सार्दीसने. पौलानेही कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै गावच्या मंडळीला, सांगितलं की हे पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवा. त्या मानाने मी तर कुणाचं नावसुद्धा घेतलेलं नाही.

आपला,
एक वाचक, सदर, नागपूर