सारांशलेखनाचे गुण जातात कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सारांशलेखन म्हणजे हातचे गुण, असे समजून बरेच विद्यार्थी उतारा एकदा वाचतात, मधली मधली वाक्ये उचलतात आणि उत्तर उरकतात. शब्दसंख्या बरोबर येते, गुण मात्र जातात. उचललेले वाक्य 'त्यामुळे' म्हणत सुरू होते आणि कशामुळे ते सांगणारे वाक्य गाळलेले असते!

या प्रश्नाला वीस मिनिटे असतील, तर आठ-नऊ वाचनातच जावीत. पहिल्या वाचनात पेन्सिल बाजूला. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा समासात तीन-चार शब्दांत लिहावा. अधोरेखनापेक्षा हे बरे. घाईत निम्मा उतारा अधोरेखित होतो आणि निवड राहूनच जाते. 'परंतु', 'तरीही' या शब्दांभोवती गोल करावा. अनेकदा लेखक आधी इतरांचे मत मांडतो आणि 'परंतु'नंतर स्वतःचे. हे वळण निसटले, की सारांश मूळ उताऱ्याच्या नेमका उलट बोलतो.

मग उतारा झाकून, केवळ समासातल्या मुद्द्यांवरून कच्चे लिहावे. भाषा आपोआप स्वतःची होते. साधारणपणे एक तृतीयांश सारांश अपेक्षित असतो, म्हणजे 300 शब्दांच्या उताऱ्याला 100. प्रश्नात वेगळी मर्यादा असेल तर अर्थातच तीच. कच्चा मजकूर थोडा लांबतोच. तो छाटताना मुद्दे उडवू नयेत. उदाहरणे, अवतरणे, पुनरुक्ती, अलंकार काढावेत. 'वर्तमानपत्र, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट' यांचे काम 'प्रसारमाध्यमे' एकटा शब्द करतो. पण या कापाकापीत 'काही', 'बहुधा', 'क्वचित' जाऊ देऊ नयेत. 'काही मुले वाचत नाहीत' याचे 'मुले वाचत नाहीत' झाले, तर एक शब्द वाचतो आणि विधान खोटे ठरते.

'लेखक असे म्हणतात की' ही सुरुवात आणि शेवटी जोडलेले स्वतःचे मत, दोन्ही निरुपयोगी. शीर्षक सर्वांत शेवटी सुचवावे. 'पाणी' हे नुसते विषयाचे नाव. 'पाण्याचा जपून वापर' हे शीर्षक.

शिक्षकांनाही एक विनंती. सराव तपासताना 'शब्द जास्त झाले' एवढाच शेरा न देता कोणता मुद्दा सुटला, ते समासात लिहावे.

आपली,
एक मराठी शिक्षिका