आज्जीनं आमचं दिवाळं काढलं

प्रिय सुन्या,

काय करालास? पुण्यात पाऊस हाय की नुसतेच ढग? इकडं खानापुरात चार दिवस झाले लाईट येते नि जाते, म्हणजे जातेच जास्त, नेट तर नाहीच, तेव्हा हे लिहून ठेवतो आणि रेंज आली की पाठवतो.

तुला तो सबॅक आठवतोय काय, स्टार वॉर्समधला पत्त्यांचा खेळ? हॅन सोलोनं लँडोकडनं अख्खं जहाज जिंकलं तो डाव. १९८० च्या सिनेमात नुसतं एवढंच की जहाज तू माझ्याकडं हरलास, आपण डोकं खाजवत बसलो की कसला गा हा जुगार, आणि पडद्यावर ती दोघं पत्ते घेऊन बसलेली दिसायला थेट २०१८ उजाडलं. त्यातपण लँडो बाहीत पत्ता लपवून खेळतो, म्हणजे आपल्या गणपतीच्या मंडपातला तीन पत्ती काय नि हा काय.

तर परवा दादाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापून मी ६२ पत्ते केले. गोल, त्रिकोण, चौकोन, प्रत्येकात अधिक एक ते दहा नि उणे एक ते दहा, वर दोन शून्यं. पैसे कोण लावतंय, चिंचोके घेतले, फासे सापशिडीतले दोन. मी, शेजारचा बसू, धाकटी नि आज्जी. आज्जीला नियम सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला, शेवटी तीच म्हणाली, "म्हणजे अधिक ते जमा, उणे ते उधारी, नि खातं शून्यावर फिटलं पाहिजे, एवढंच नव्हं?" एवढंच की! तीस वर्षं किराणा दुकान चालवलेली बाई ती.

पण खरी गोम फाशांत हाय बघ. तीन पत्तीत हातात आलं ते आलं, ब्लाइंड जा नाहीतर बघून चाल दे, पत्ता काही बदलत नाही. इथं प्रत्येक फेरीत बोली झाली की फासे टाकायचे, आणि जोडी पडली की सगळ्यांनी हातातलं सगळं टाकून तेवढेच नवीन पत्ते उचलायचे. एका फेकीला सहात एकदा, पण फेऱ्या तीन, म्हणून शंभरातल्या ४२ डावांत कुठंतरी जोडी पडतेच. माझ्याकडं अधिक सहा, उणे सहा जमून बसलेलं, मी मनातल्या मनात चिंचोके मोजालोय, आणि धाकटीनं दोन तिऱ्या पाडल्या. शिव्या द्यायच्या राहिल्या, आज्जी समोर.

गल्ले दोन. डाव जिंकला की वाटीतलं तुझं, पण कुंद्याच्या रिकाम्या डब्यातलं साठत राहतं, शून्यावर जिंकेल त्यालाच मिळतं. दहाव्या डावाला डबा जड झालेला. माझ्या हातात अधिक दहा नि उणे चार, म्हणजे सहा, काही कामाचं नाही. मग म्हटलं ताणूया. बसूचं सोपं हाय, तो हातात काहीही असलं तरी कानडीत "हौदा?", म्हणजे होय काय, करून भुवया उडवतो, त्यामुळं त्याचं कुणालाच कळत नाही. मी मात्र पंधरा चिंचोके सरकवले नि जांभई दिली. जांभई जरा जास्त झाली असणार. बसू पॅक, धाकटी पॅक. आज्जीनं चष्मा वर केला, माझ्या हाताकडं बघितलं, तोंडाकडं नाही रे, हाताकडं, आणि पंधरावर पंधरा ठेवले. फासे टाकले, जोडी नाही. शो. तिचं अधिक सात, उणे सात. वाटी गेली, डबा गेला.

सकाळी चहा घेताना सहज म्हणाली, "त्या दहाच्या पत्त्याच्या कोपऱ्याला हळद हाय की. देवापुढं ठेवलेली पत्रिका ती, मीच लावलेली."

लँडो परवडला गा! वर ते चिंचोके परत द्यायला तयार नाही, वहीत माझ्या नावावर साठ मांडलेत. तू गणपतीला येशील तेव्हा नवा कोरा कार्डशीट घेऊन ये, आणि फासेपण, एक मोरीत गेला.

तुझा,
बाळ्या