सिदाकोवची कुस्ती आणि गादीची कड

व्लादिकाव्काझ, उत्तर ऑसेशिया, रशिया

तीर्थरूप आण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

पिंट्या यंदा गादी विभागात, म्हणजे मातीऐवजी मॅटवर, ७४ किलोत उतरणार असं आईनं कळवलं. हे पत्र त्याच्यासाठीच आहे, पण वाचून तुम्हीच दाखवा. तो मोबाईलवर नुसते डाव बघतो, गुणफलकाकडं ढुंकूनही बघत नाही.

७४ किलोचा विषय निघाला की इथं एकच नाव घेतात, झाउरबेक सिदाकोव. जन्म १४ मार्च १९९६, गाव बेस्लान. सप्टेंबर २००४ मध्ये जिथल्या शाळेत अतिरेकी घुसले आणि तीनशेच्या वर माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं होती, ते हेच बेस्लान. तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

उत्तर ऑसेशिया क्षेत्रफळानं साधारण आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढा आणि माणसं सगळी मिळून सात लाखांच्या आत. एवढ्याशा मुलखातून सोस्लान आंदिएव निघाला, १९७६ आणि १९८० ला वजनदार गटाचं ऑलिंपिक सुवर्ण. चिकोला गावचा आर्सेन फादझाएव ६८ किलोत आणि माखारबेक खादार्त्सेव ९० किलोत, दोघांनीही १९८८ आणि १९९२ अशी दोन-दोन सुवर्णं नेली. रशियाच्या संघात एका वजनात जागा एकच, आणि जवळच मल्लांनी भरलेलं दागिस्तान बसलेलं. त्यामुळं इथले कितीतरी मल्ल दुसऱ्या देशांकडून खेळतात. २००४ ला अथेन्समध्ये युक्रेनला ६६ किलोचं सुवर्ण मिळवून देणारा एल्ब्रुस तेदेयेव ऑसेशियनच. सिदाकोव मात्र रशियाच्याच निवडीतून वर आला.

त्याची कमाई मोजायला सोपी. जागतिक विजेतेपद २०१८ बुडापेस्ट, २०१९ नूर-सुलतान (आताचं अस्ताना), २०२३ बेलग्रेड. टोकियोचं ऑलिंपिक सुवर्ण, जे २०२१ ला झालं. मधलं २०२२ गेलं, कारण युक्रेन युद्धामुळं रशियाच्या मल्लांना बंदी होती. बेलग्रेडला तो देशाच्या झेंड्याशिवाय, तटस्थ म्हणून उतरला. पॅरिसला रशियाच्या कुस्ती संघटनेनं कुणालाच पाठवलं नाही. ७४ किलोचं सुवर्ण उझबेकिस्तानच्या राझाम्बेक झामालोवनं नेलं.

पण पिंट्याच्या उपयोगाचं पदकांत नाही, गुणांत आहे. बुडापेस्टला उपांत्यपूर्व फेरीत समोर अमेरिकेचा जॉर्डन बरोज, लंडनचा ऑलिंपिक विजेता आणि तोवर चार वेळा जगज्जेता. निकाल ६-५. पुढच्या वर्षी नूर-सुलतानला उपांत्य फेरीत पुन्हा तोच बरोज आणि निकाल ४-३. दोन्ही कुस्त्या एकेका गुणाच्या. दुसरी तर शेवटच्या क्षणी बरोजला रेषेबाहेर काढून फिरवली. अंतिम फेरीत इटलीच्या फ्रँक चामिसोला ५-२. (याच स्पर्धेत पाटोद्याच्या आपल्या राहुल आवारेनं ६१ किलोत कांस्य घेतलं होतं, पिंट्याला आठवण करून द्या.) टोकियोच्या अंतिम फेरीत बेलारूसचा कादझिमागामेदाव होता. त्यानं उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेच्या काईल डेकला ११-० नं उडवलं होतं. सिदाकोवनं त्याला एक गुणसुद्धा दिला नाही, ७-०. बेलग्रेडला अंतिम फेरीत डेकच समोर आला, ती कुस्ती १०-७.

आता बघा, यात चितपट कुठंच नाही. ढाक लावून आभाळ दाखवणारा हा मल्ल नाही. सहाव्या मिनिटाला समोरच्याच्या हातातला जीव गेलेला असतो आणि याच्या हातात तो शिल्लक असतो. माझ्या मते त्याची खरी ताकद पटात, म्हणजे खाली शिरून पाय धरण्यात नाही, हाताच्या झटापटीत आणि कडेवर आहे. आणि नेमकं तिथंच आपली मातीतली पोरं गुण सांडतात.

मातीत मागं सरकण्याला किंमत मोजावी लागत नाही. हौद्याच्या कडेला गेलं की पंच मध्ये आणून लावतात. गादीवर कुस्तीचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं. त्यातला बाहेरचा १ मीटरचा पट्टा रंगीत, आणि त्यापलीकडं सुरक्षेची जागा. उभ्या कुस्तीत एक पाऊल जरी त्या बाहेरच्या जागेत टेकलं तरी समोरच्याला १ गुण. खाली पाडून मागून ताबा घेतला तर २, समोरच्याची पाठ गादीकडं वळवली तर २, उभ्यातून फेकून थेट पाठीवर घातलं तर ४, फेक उंच आणि मोठी असेल तर ५. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच संपली. गुण बरोबरीत राहिले तर आधी मोठ्या गुणाचा डाव कुणाचा ते बघतात, मग ताकीद कुणाला कमी, आणि तेही सारखं असेल तर शेवटचा गुण कुणाचा. म्हणजे १-१ मध्ये शेवटचा गुण घेणारा जिंकतो. पिंट्यानं पहिल्या मिनिटात घेतलेला एक गुण शेवटच्या दहा सेकंदांत कडेवर गेला, तर बरोबरी दिसते पण कुस्ती हरलेली असते.

कडेवर ढकलायचं कसं, ते इथल्या पद्धतीनं सांगतो. डोकं समोरच्याच्या कानशिलाला किंवा जबड्याखाली लावायचं, छातीला नाही. एक हात त्याच्या काखेतून वर, दुसऱ्या हातानं त्याच्या दंडाला आतून धरायचं. पावलं आखूड, एकमेकांत न अडकणारी. ढकल सरळ नाही, तिरकी, काखेतल्या हाताच्या बाजूनं. सरळ ढकललं की तो वळून बाजूला होतो आणि आपणच आपल्या वेगानं बाहेर जातो, नाहीतर तो आपलाच जोर घेऊन भारंदाज घालतो, म्हणजे आपल्याला फेकतो. त्याची टाच रंगीत पट्ट्यात आली की त्याच्याकडं तीनच वाटा उरतात. तो उलट ढकलेल, तेव्हा दंडावरचा हात त्याच्या मानेवर नेऊन खाली झटकायचा, त्याला हातांवर आणायचं आणि मागं जाऊन ताबा घ्यायचा. एका गुणाच्या जागी दोन मिळतात. किंवा तो बाजूनं फिरेल, तेव्हा आपलं पुढचं पाऊल त्याच्या पावलाच्या बाहेर टाकून वाट अडवायची आणि जवळचा पाय एकेरी पटात घ्यायचा. किंवा तो घाईनं पटात शिरेल. तेव्हा कंबर खाली टाकायची, पाय मागं फेकायचे, छातीचं वजन त्याच्या खांद्यांवर द्यायचं.

शेवटच्यात आपली पोरं हमखास चुकतात. पाय मागं जातात, पण कंबर वरच राहते. मग समोरचा गुडघ्यावर सरकत पुन्हा शिरतो. कंबर त्याच्या डोक्यावर बसली पाहिजे. दुसरी चूक, दोन्ही हातांनी त्याचं अंग वरून कवटाळणं. त्यानं आपणच अडकतो, मागं फिरता येत नाही. एका हातानं त्याचं तोंड बाजूला वळवायचं, दुसरा त्याच्या दंडाखाली ठेवायचा आणि डोकं वळलं त्याच्या उलट अंगानं फिरून मागं जायचं.

मातीतली अजून एक सवय सोडायला सांगा, पोटावर पडून सवारी, म्हणजे पाठीवर बसलेला मल्ल, झेलायची. मातीत पाठ लागली नाही तर काही गेलं नाही. गादीवर खाली गेला तिथंच २ गेले, आणि वरच्यानं फिरवायला सुरुवात केली की दोन-दोन करत अर्ध्या मिनिटात कुस्ती दहावर संपते.

आघाडी असताना पळत बसण्यातही फायदा नाही. तीन-तीन मिनिटांची दोन सत्रं, मध्ये तीस सेकंद विश्रांती. निष्क्रिय ठरला की तीस सेकंदांचं घड्याळ लागतं. त्यात कुणाचाच गुण झाला नाही तर समोरच्याला १. रेषेबाहेर पळाला तर १ गुण आणि वर ताकीद. कोपऱ्यात तुम्ही बसणार असाल तर चॅलेंज, म्हणजे पंचांच्या निर्णयाला आव्हान, उगाच टाकू नका. ते फेटाळलं गेलं की तोही समोरच्याला १.

सरावासाठी एवढं करा. तालमीतल्या गादीवर पूर्ण वर्तुळ बसत नसेल तर एका कडेला टेपनं रेषा मारा, तिच्या आत १ मीटरवर दुसरी. रेषेपलीकडं दीड मीटर तरी मोकळं हवं, भिंत असेल तिकडं नकोच. एकाची टाच पट्ट्यात ठेवून तीस सेकंदांची कुस्ती लावा, तो एका गुणानं पुढं आहे असं धरून. मग अदलाबदल. हे सगळं थकल्यावर करायचं, सुरुवातीला नाही. ताज्या अंगानं कडेवर सगळेच शहाणे असतात.

वजनाचंही बघा. २०१८ पासून जागतिक स्पर्धेत एका वजनाच्या कुस्त्या दोन दिवस चालतात आणि दोन्ही सकाळी वजन होतं. विनेशचं पॅरिसला काय झालं ते पिंट्याला माहीत आहे, दुसऱ्या दिवशीचे १०० ग्रॅम. पाणी तोडून एका रात्रीत चार किलो उतरवायचे आणि दुपारी भरून काढायचे, हा जुना हिशेब आता बसत नाही. त्याचं रोजचं वजन ७६ च्या वर जात असेल तर खुराक आत्ताच आवरा, स्पर्धेच्या आठवड्यात नाही.

इथलं सगळं आदर्शच आहे असं मात्र त्याला सांगू नका. योगेश्वरला लंडनला हरवणारा बेसिक कुदुखोव ऑसेशियनच. २०१३ ला तो अपघातात गेला, आणि नंतर २०१६ ला त्याचा जुना नमुना सदोष निघाल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा योगेश्वर म्हणाला, रौप्य त्याच्या घरच्यांकडंच राहू द्या. उझबेकिस्तानकडून खेळलेला आर्तुर तायमाझोव, तोही इथलाच. त्याची २००८ आणि २०१२ ची दोन्ही सुवर्णं उत्तेजकांपायी काढून घेतली. म्हणून पिंट्याला कुणी पावडरचा डबा दिला तर आधी त्यावरच्या घटकांचा फोटो मला पाठवा.

सिदाकोव-बरोजच्या दोन्ही कुस्त्या त्याला आवाज बंद करून बघायला लावा. डाव नको, फक्त दोघांची पावलं रेषेपासून किती लांब आहेत तेवढं बघू दे. आणि नूर-सुलतानच्या कुस्तीचं शेवटचं मिनिट दोनदा.

काकींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
सचिन