नाना, तुमच्या खतावणीसाठी

तीर्थरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अमळनेरला आले की जो तो विचारतो, ‘जॅमसाठी, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेसाठी, क्लास कुठे लावला होता?’ क्लास लावलाच नव्हता, शेजारचे नाना रविवारी पेपर घ्यायचे, असं सांगितलं की कुणाला पटत नाही. तुम्हाला तोंडावर आभार मानलेले चालत नाहीत. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

पहिल्या वेळी निकाल लागला तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि विचारलंत, ‘सोडवलेला पेपर परत मिळतो का?’ मार्क किती पडले, पुढे काय करणार, यातलं काहीच नाही. रिस्पॉन्स शीट आणि उत्तरसूची दोन्ही ऑनलाइन मिळतात म्हटल्यावर छापून आणायला लावलीत, आणि संध्याकाळी ओट्यावर ती लाल कापडी बांधणीची लांब वही उघडलीत. धरणगावच्या जिनिंगमध्ये उभी हयात कापसाचा हिशेब लिहिलेला तुमचा हात. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

60 प्रश्न, 100 गुण, 3 तास. अ विभागातले, म्हणजे चारांतला एक पर्याय निवडायचे, 30 च्या 30 प्रश्न मी सोडवले होते आणि त्याचा मला अभिमान होता. त्यात दोन गुणांचे 11 आणि एका गुणाचे 4 चुकले होते. दोन गुणांचा प्रश्न चुकला की दोन तृतीयांश गुण कापतात, एका गुणाचा चुकला की एक तृतीयांश. तुम्ही नावे बाजूची बेरीज केलीत: 8.67. मग बोट क विभागावर ठेवलंत. तिथे उत्तर आकड्यात द्यायचं असतं, चुकलं तरी काही कापत नाहीत, आणि तिथेच माझे 9 प्रश्न कोरे. ‘भरलेली गाडी बाजारात सोडून आलीस,’ एवढंच म्हणालात.

मी वाद घातला. चारांतला एक पर्याय डोळे मिटून निवडला तर सरासरीनं नफा नाही, तोटाही नाही. चारांत एकदा दोन गुण मिळतात, तीनदा दोन तृतीयांश जातात, हिशेब शून्य. तुम्ही तो कागदावर मांडून पाहिलात, मान डोलावलीत आणि विचारलंत, ‘बरोबर आहे. पण वेळ गेला, तो कुणाच्या नावे टाकू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय मी डोळे मिटून निवडत नव्हतेच. ज्याला अर्धवट येतं त्याची चूक कुठे होणार हे पेपर काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, आणि तेच उत्तर पर्यायांत ओळखीचं होऊन बसलेलं असतं. त्या 11 प्रश्नांत माझी 40 मिनिटं तरी गेली होती.

पुढचं वर्षभर दर रविवारी सकाळी 9 ला पेपर. परीक्षेत आकडेसुद्धा माउसनं पडद्यावरच्या कीपॅडवर टिपायचे असतात हे कळल्यावर तुम्ही लॅपटॉपच्या कीबोर्डवर खांद्यावरचा पंचा पसरलात. सुरुवात क विभागापासून, मग ब, कारण तिथेही चुकल्याचं कापत नाहीत, आणि अ सगळ्यात शेवटी. दुपारी माईंच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि मग खतावणी. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: येत नव्हतं, घाई, प्रश्न अर्धा वाचला, अंदाज. दिवाळीपर्यंत ‘अंदाज’चंच खातं सगळ्यात फुगलेलं होतं.

नाना, एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. घातश्रेणी (x च्या वाढत्या घातांची न संपणारी बेरीज) x च्या कोणत्या किमतींना अभिसृत होते, म्हणजे एका ठरावीक संख्येवर स्थिरावते, या प्रश्नात मी त्या किमतींच्या पट्ट्याची टोकं तपासायला विसरायचे. x च्या n व्या घाताला n नं भागून बेरीज घेतली तर उणे एकवर ती अभिसृत होते आणि अधिक एकवर होत नाही. मी दोन्ही टोकं सरसकट सोडून द्यायचे. तुम्ही कारण विचारलंत, मी म्हटलं, ‘टोक पाहिलं नाही.’ तुम्ही तसंच लिहून घेतलंत. टोक म्हणजे कशाचं टोक हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण त्यानंतर एकही रविवार असा गेला नाही की पेपर हातात घेण्याआधी तुम्ही विचारलं नाहीत, ‘टोक पाहिलं का?’ मला इतक्या जणांनी गणित शिकवलं, पण माझी चूक माझ्यापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवणारे तुम्ही एकटेच.

आणखी एक. दुसऱ्यांदा फॉर्म भरायच्या वेळी भावकीतून आबांना सांगणं आलं होतं की पोरीला बी.एड. करू द्या, हा नाद पुरे. तुम्ही चहा पिता पिता त्यांना पाटणचा शिलालेख सांगितलात. आपल्याच चाळीसगाव तालुक्यात 800 वर्षांपूर्वी भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. ‘तेव्हा पोरं गणित शिकायला खान्देशात येत असतील. आपली एक पोर बाहेर जाईल, त्याचं काय?’ आबांनी त्याच संध्याकाळी फॉर्मचे पैसे दिले.

फेब्रुवारीत परीक्षेला निघाले तेव्हा तुम्ही बसस्टँडवर आला होतात. तुम्ही एरवी माझ्याशी अहिराणी बोलत नाही, त्या दिवशी बोललात: ‘येत नही ते सोडी दे.’ अ विभागातले 7 प्रश्न मी सोडून दिले. एकावर माउस नेला होता, उत्तर ओळखीचं वाटत होतं, आणि वहीतलं ‘अंदाज’चं पान डोळ्यांपुढे आलं. हात मागे घेतला. क विभागात एकही प्रश्न कोरा नव्हता.

हे पवईच्या आयआयटीच्या वसतिगृहातून लिहिते आहे. वही माझ्याजवळच आहे, तिची पानं आता भरली. दिवाळीला येते आहे, येताना तशीच लाल वही घेऊन येईन. लक्ष्मीपूजनाला तुमच्या वह्यांबरोबर तीही पाटावर ठेवा, आणि पहिल्या पानावर ‘श्री’ तुम्हीच काढा.

तुमची,
शेजारची पोर