शिपाईमामांचा मुलगा

लंडन, 18 मे

प्रिय मास्तर,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आज मात्र बसलोच लिहायला, कारण परवा जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

रविवारी धाकटीला घेऊन पूर्व लंडनमधल्या पॉपलरच्या बागेत गेलो होतो. हा भाग एकेकाळी आपल्या गिरणगावासारखाच होता. शेजारी गोदी, ओझी उचलणारे बाप, एकाला एक चिकटलेली घरं. आता पलीकडे काचेचे मनोरे उभे आहेत, त्यातल्याच एकात मी कामाला जातो. बागेत एक स्मारक आहे. वर पांढरा देवदूत, खाली अठरा नावं आणि प्रत्येकापुढे वय. धाकटीला नुकतेच आकडे वाचता येऊ लागलेत. ती बोट ठेवून वाचत गेली, "पाच... पाच... पाच..." मग वळून म्हणाली, "बाबा, मी पण पाच." मला तिथे उभं राहवेना.

13 जून 1917, बुधवार. बेल्जियममधल्या तळांवरून निघालेली जर्मन 'गोथा' विमानं भर दिवसा लंडनवर आली. झेपेलिन, म्हणजे वायूने भरलेली जर्मनांची अजस्र हवाईजहाजं, यायची ती रात्री; दिवसाउजेडी विमानांचा असा मोठा हल्ला लंडनने पाहिला नव्हता. भोंगा वाजला नाही, लोकांना सावध करायची तशी सोयच नव्हती. आपलीच विमानं समजून माणसं रस्त्यात येऊन वर बघत राहिली. एक बॉम्ब अप्पर नॉर्थ स्ट्रीटवरच्या शाळेचं छप्पर फोडून आत घुसला. वरचा मजला मुलींचा, मधला मुलांचा. दोन्ही मजले भेदून तो फुटला तळमजल्यावर, बालवर्गात. त्या वर्गात 64 पोरं होती. अठरा गेली, त्यातली सोळा चार ते सहा वर्षांची. त्या दिवशी लंडनमध्ये एकूण 162 माणसं मेली.

त्या अठरांत एक पाच वर्षांचा मुलगा आहे. त्याचा बाप त्याच शाळेत होता, तुझ्या शाळेतल्या शिपाईमामांसारखा. इमारत सांभाळणं हेच त्याचं काम. ढिगारा उपसताना त्याला स्वतःचाच पोरगा सापडला. मास्तर, तीन दिवस हे माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या खोलीची देखभाल त्याने रोज केली, त्याच खोलीत.

त्या पोराच्या आयुष्याचा मी हिशोब करत बसलो. युद्ध सुरू झालं ऑगस्ट 1914 मध्ये. म्हणजे त्याचं जवळपास निम्मं आयुष्य युद्धातच गेलं. काळोख्या रात्री, महागलेला पाव, साखरेची टंचाई, हेच त्याचं जग; शांततेचे दिवस आठवावेत एवढं त्याचं वयच नव्हतं. आणि मागे राहिलं काय? दगडावर नाव आणि एक आकडा. मोठी माणसं जातात तेव्हा मागे पत्रं राहतात, देणी राहतात, कुणाशी तरी झालेलं भांडण राहतं. पाच वर्षांच्या पोराचं काय राहणार? याचंच मला फार वाईट वाटतं.

20 जूनला ऑल सेंट्स चर्चमध्ये अंत्यविधी झाला आणि बहुतेकांना एकाच मोठ्या थडग्यात पुरलं. सहाशेवर पुष्पचक्रं आली होती. पुढच्याच महिन्यात राजाने आपल्या घराण्याचं जर्मन नाव टाकून 'विंडसर' घेतलं. त्या जुन्या नावातही 'गोथा' होतंच.

तुझी आजी 1944 च्या मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाचं सांगायची, आठवतं? जपान्यांनीच बॉम्ब टाकले म्हणून सगळे पळत सुटले, आणि ती कडेवर पोर घेऊन जिन्याखाली बसून राहिली. तेव्हा आपण ते गोष्टीसारखं ऐकायचो. तिने ते पोर किती घट्ट धरलं असेल, ते मला आत्ता कळतंय.

येत्या 13 जूनला अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या बागेत पुन्हा जाणार आहे, फुलं घेऊन. त्याच सुमाराला तुझी शाळा उघडते, नवी पोरं आयांचा पदर सोडायला तयार नसतात. यंदा पहिलीला किती आली ते कळव. आणि शिपाईमामांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
खोली नंबर अकरावाला