सईला पृथ्वीचा जन्म सांगताना

अंधेरी, मुंबई

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पृथ्वी आणि हे विश्व कसे निर्माण झाले हे सईला कसे सांगायचे, यावरचे आपले बोलणे दर वेळी अर्धवट राहते. समोरासमोर बसले की बाबांचा आवाज चढतो, माझाही चढतो आणि आई जेवायची पाने घ्यायला उठते. म्हणून मला जे म्हणायचे आहे ते सलग लिहून पाठवीत आहे.

बाबा, तुम्ही सईला सांगितलेत की एक महायुग 43 लाख 20 हजार वर्षांचे, अशी हजार महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, अर्थात 432 कोटी वर्षांचा एक कल्प. त्यापुढे तुम्ही असेही म्हणालात की शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय 454 कोटी वर्षे सांगतात, तेव्हा आपल्या ऋषींना जे ठाऊक होते तेच यांना आता सापडले आहे. कल्पाच्या गणिताला माझी मुळीच हरकत नाही, उलट ते सईला यायलाच हवे. माझी हरकत फक्त त्या शेवटच्या जोडणीला आहे.

पूजेच्या संकल्पात आपण काळाच्या कोणत्या टप्प्यावर आहोत हे सांगताना तुम्ही श्वेतवाराह कल्प, त्यातले वैवस्वत मन्वंतर आणि कलियुगाचा प्रथम चरण यांचा उच्चार करता. त्याच परंपरेच्या हिशेबाने चालू कल्पाची सुमारे 197 कोटी वर्षेच सरली आहेत. 432 कोटी ही ब्रह्मदेवाच्या संपूर्ण दिवसाची लांबी आहे, उलटून गेलेला काळ नव्हे. त्यामुळे तुलना करायचीच झाली तर 197 ची 454 शी करावी लागेल, आणि ते आकडे जुळत नाहीत. शिवाय दोन्ही आकडे येतात वेगवेगळ्या वाटांनी. कल्प हा युगांच्या गुणाकारातून येतो. पृथ्वीचे वय मात्र युरेनियमचे शिशात किती सावकाश रूपांतर होते हे मोजून काढलेले आहे. 1956 मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणांतील शिशाचे प्रमाण तपासून ते सुमारे 455 कोटी वर्षे ठरवले, आणि त्यानंतर त्यात फारसा बदल करावा लागलेला नाही.

आकडे जुळवण्यात मला जो धोका वाटतो, त्याचे एक उदाहरण देते. 1929 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी आकाशगंगा एकमेकींपासून दूर जात असल्याचे दाखवले, तेव्हा त्यांच्या मापांवरून विश्वाचे वय जेमतेम 200 कोटी वर्षे निघत होते. त्या काळी एखाद्याने आपल्या 197 कोटींकडे बोट दाखवून परंपरा सिद्ध झाल्याचे जाहीर केले असते, तर ते किती पटण्याजोगे वाटले असते! पुढे अंतरांची मापे सुधारली आणि आज तेच वय सुमारे 1380 कोटी वर्षे मानले जाते. विज्ञानाला आपला आकडा बदलण्यात कमीपणा वाटत नाही, परंतु त्या आकड्याला आपण श्रद्धा बांधली असेल, तर आकड्याबरोबर तीही ओढली जाते. तुमची श्रद्धा अशी टांगणीला लागलेली मला पाहवणार नाही.

हा विचार माझा एकटीचा नाही. विश्वाचा आरंभ एका अतिशय घन अवस्थेतून झाला, ही कल्पना 1931 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 मध्ये पोपनी आधुनिक विज्ञानाचा हवाला देऊन सृष्टीच्या निर्मितीला दुजोरा मिळाल्याचे सांगितले, तेव्हा सर्वांत जास्त आनंद खरे तर लमेत्र यांना व्हायला हवा होता. पण आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून सर्वस्वी वेगळा आहे, हीच त्यांची भूमिका राहिली. ते नेमाने प्रार्थना करणारे गृहस्थ होते, हे विशेष.

मी महास्फोटाला, म्हणजे विश्वाच्या अशा घन आरंभाच्या सिद्धांताला, वेदवाक्य मानते, असेही कृपया समजू नका. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम केलेल्या जयंत नारळीकरांनी महास्फोटाच्या सिद्धांतावर आयुष्यभर शंका घेतली आणि 1993 मध्ये हॉईल व बर्बिज या शास्त्रज्ञांसह विश्वाचे पर्यायी प्रतिरूप मांडले. 1965 मध्ये जाहीर झालेल्या वैश्विक सूक्ष्मलहरींच्या, म्हणजे विश्वाच्या उष्ण आरंभातून उरलेल्या प्रारणाच्या, शोधानंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे झुकले होते, तरीही नारळीकरांचा मतभेद निरीक्षणे आणि गणित यांच्याच आधारे चालू राहिला. सईने शंका घ्यावी ती अशी, एवढीच माझी इच्छा आहे.

आई, तुझ्या गोष्टी बंद व्हाव्यात असे मला कधीही वाटले नाही. आमच्या घराजवळच्या गिल्बर्ट हिलवर आपण देवीच्या दर्शनाला जातो, तो काळ्या खांबांचा डोंगर सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. देवळात हात जोडताना सईला हे ठाऊक असले म्हणून तिचा नमस्कार उणा होत नाही. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात तर ऋषी म्हणतात की देवही या सृष्टीनंतरचे, मग ती कोठून आली हे कोणाला ठाऊक असणार. परम आकाशातील तिच्या अध्यक्षाला ते ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. इतके निर्भय वाक्य ज्या परंपरेत आहे, तिला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज काय?

तेव्हा बाबा, माझी विनंती अशी आहे की संकल्पातील कालगणना तुम्ही सईला एका वहीत, परार्धापासून, म्हणजे ब्रह्मदेवाच्या अर्ध्या आयुष्यापासून, चालू वर्षापर्यंत, स्वतः मांडून दाखवावी. ते गणित आमच्या घरात दुसऱ्या कोणालाही येत नाही. उल्का आणि शिशाचे गणित मी दुसऱ्या वहीत मांडीन. दोन्हींच्या मध्ये बरोबरचे चिन्ह काढू नये, इतकेच. आणि आई, वराहाने पृथ्वी दातांवर उचलली तिथे तू गोष्ट थांबवली होतीस. पुढे काय झाले हे सई रोज विचारते आहे, तेव्हा रविवारी येशील तेव्हा ती पूर्ण कर.

तुमची,
मुलगी